वरचं पाणी

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. सासरी जाताना तिने आपला निवडुंग आईच्या गॅलरीत ठेवला आणि बजावलं, "याला ऊन दे, पाण्याचे लाड नकोत." ऊन येई ते एकाच कोपऱ्यात, आणि नेमका त्याच्यावर वरच्या मजल्यावरच्या घड्याळजींचा नेचा टांगलेला. ते त्याला रोज सकाळी न्हाऊ घालत, ते पाणी थेट निवडुंगावर गळे.

निवडुंग बुडाशी मऊ पडला, तशी रविवारी आई कडाडली, "अहो घड्याळजी, तुमचा नेचा माझ्या लेकीच्या झाडाच्या मुळावर उठलाय!"

वरून घड्याळजी हसले. "बाई, नेचा म्हणजे तान्हं लेकरू. एक दिवस विसरलं की मान टाकतो. तुमच्या निवडुंगाला कुणीच लागत नाही, अगदी तुमच्यासारखं!"

सोमवारपासून वरून थेंबही पडला नाही. निवडुंगाचं बूड सुकलं, त्याने तग धरला. 'चला, बोललेलं लागलं एकदाचं,' म्हणत गुरुवारी ती आभार मानायला वर गेली. हाका मारूनही आतून ओ येईना. शेवटी शेजाऱ्यांनी दार फोडलं.



घड्याळजी सोमवारी पहाटेच गेले होते.