कठड्यापलीकडून

हंगामातली पहिलीच अर्ध्या पल्ल्याची ट्रायथलॉन. गार तलावात पोहून धाकटीच्या बोटांची लाकडं झाली होती, नव्वद किलोमीटर सायकल दामटून मांड्यांचा भुगा. आता पळायचं तेवढं राहिलं होतं. दरवर्षी सायकल ठेवून पळायच्या घाईत ती हेल्मेट डोक्यावरच विसरायची आणि कठड्यापलीकडून थोरली बहीण खेकसायची, “हेल्मेट काढ, गाढवे!” यंदा खेकसणार कोण? आईला कोणी सांभाळायचं यावरून हिवाळ्यात दोघींचं बिनसलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद. धाकटीने आठवणीने हेल्मेट काढून हँडलला अडकवलं आणि ती पळत सुटली. पहिल्याच वळणावर गर्दीतून तोच आवाज आला, “हेल्मेट काढ, गाढवे!” हात डोक्याकडे गेला. घामेजलेल्या केसांशिवाय तिथे काहीच नव्हतं. कठड्याला रेललेल्या थोरलीलाही ते दिसत होतं. तरी ती पुन्हा तेच ओरडली. धाकटी धापा टाकत म्हणाली, “काढते गं, ताई.”