वेळ सांगणारा डॉक्टर

"मेव्हणे, बारा वर्षं डॉक्टर आहात. एक तरी पेशंट वाचवलात का?" असं विचारून एब्बो हसला, आणि हसता हसता खुर्चीसकट खाली गेला. आराबा आणि कोबिना आधी हसलेच. एब्बोला असली सोंगं करायची खोड होती. मग आराबाने नवऱ्याचा चेहरा पाहिला.

कोबिना आराबाचा थोरला भाऊ. घानाहून टोरांटोला आला तो नट व्हायला, आणि झालाही. पडद्यावर तो टॅक्सीवाला झाला, दारावरचा पहारेकरी झाला, तीनदा हुकूमशहा झाला. मग हॉस्पिटलच्या एका सिरियलमध्ये त्याला डॉक्टरचा पांढरा कोट मिळाला आणि तो काही अंगावरून उतरला नाही. पेशंट वाचवायचं काम गोऱ्या हिरोकडे. मरायचे तेवढे कोबिनाच्या वाट्याला यायचे.

आराबाने अँब्युलन्ससाठी फोन लावून फरशीवर ठेवला. फोनमधल्या बाईने विचारलं, घरात कुणी जाणकार आहे का.

"डॉक्टर आहे," आराबा म्हणाली.

"आराबा, अगं मी डॉक्टर नाही."

"माहितीय मला. बारा वर्षं तो कोट घातलास, काहीतरी अंगाला लागलं असेलच ना? बस खाली."

तो बसला. एब्बोच्या छातीवर हातावर हात ठेवले आणि सुरू केलं. शूटिंगला छाती दाबायची नसते. कोपरं दुमडायची, खांदे जोरात हलवायचे, खाली पडलेल्या नटाला भार लागता कामा नये. कोबिनाला हे इतकं छान जमायचं की नव्या पोरांना त्याच्याकडे बघून शिका म्हणायचे. आताही त्याचे खांदे हलत होते, धाप लागली होती, कपाळावरून घाम ठिबकत होता. एब्बोची छाती तसूभरही खाली जात नव्हती. नुसते पाम फळांच्या रश्श्याचे केशरी ओघळ कोबिनाच्या बोटांवरून त्याच्या चर्चच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरत होते. दोघं फुफूचे गोळे हातानेच रश्श्यात बुडवून खाता खाता बोलत होते ना.

"दादा, नाटक नको," आराबा म्हणाली. "दाब."

कोबिनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने कोपरं ताठ केली आणि सगळं अंग टाकलं. पाचव्या दाबाला आत काहीतरी कट्‌कन मोडलं. चटका बसावा तसे त्याने हात उचलले.

"बरगडी असेल," फोनमधली बाई म्हणाली. "मोडू द्या. थांबू नका. मी मोजते, तुम्ही दाबा."

ती मोजायला लागली. एक, दोन, तीन. कोबिना दाबत होता. आठ म्हटल्याबरोबर त्याची मान आपोआप वर झाली.

सिरियलमध्ये आठव्या दाबाला कॅमेरा त्याच्या तोंडावर यायचा. मग तो हात थांबवायचा, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा आणि पेशंट गेल्याची वेळ सांगायचा. दोन वाजून दहा मिनिटं. चार वाजून सत्तावीस. एवढंच त्याचं वाक्य, पण ते त्याच्यासारखं कुणी म्हणावं. आम्ही इथले घानावाले घरोघरी तेवढ्यासाठी टीव्हीपुढे बसायचो. चर्चमध्ये त्याला "काय डॉक्टर, किती वाजले?" म्हणून छळायचो. आराबा दर वेळी रडायची, माहीत असूनही.

तिच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ शेगडीच्या वर होतं.

"कुठे बघतोयस?" तिने विचारलं.

"कुठे नाही."

"खाली बघ. त्याच्याकडे बघ."

"नऊ, दहा," फोनमधली बाई म्हणत होती. कोबिनाने मान खाली घातली ती पुन्हा वर केली नाही. मनगटं भरून आली, गुडघे सोलवटले. तो मोठमोठ्याने रडत होता आणि दाबत होता. "एब्बो, ऊठ रे. मला बोल हवं तेवढं. जन्मभर बोल. एकच वाचू दे मला, एकच."

अँब्युलन्सवाले आले. एक पोक्त माणूस आणि एक बाई. त्यांनी कोबिनाला काखेत धरून बाजूला केलं, एब्बोचा सदरा कापला, यंत्र लावलं. एब्बोचं अंग उसळलं.

"हलला," आराबा म्हणाली.

पुन्हा उसळलं. तिने पुन्हा तेच म्हटलं, जरा हळू. मग दोघं आळीपाळीने किती तरी वेळ दाबत राहिले. शेवटी त्या माणसाने हॉस्पिटलमधल्या डॉक्टरला फोन लावला, खालच्या आवाजात बोलला, ऐकून घेतलं. बाईकडे बघून त्याने मान हलवली, तेव्हा तिने हात काढले.

"ताई," तो माणूस म्हणाला, "आम्ही आमच्याकडून..."

आराबाचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती गुडघ्यांवर सरकत भावापाशी आली आणि तिने त्याच्या तोंडावर हात दाबला. असा दाबला की त्याला श्वास घेता येईना.

"त्याला काय बोलायचं ते बोलू दे, दादा. परका माणूस आहे, त्याला काय कळतंय. तू बोलू नकोस."

तो माणूस बोलत राहिला, वेळही सांगितली. आराबा एकटक कोबिनाच्या डोळ्यांत बघत होती, आणि कोबिनाने पापणीसुद्धा हलवली नाही.