युरोपचे साडेचारशे फोटो

स्वप्निल-अनघाच्या घरी चौघं ट्रिपचे फोटो बघत बसले होते. लॅपटॉपवर रोमचा फोटो आला आणि स्वप्निल हसता हसता सोफ्यावरून खाली पडायचाच बाकी राहिला. फोटोत विभा एका कॅफेच्या रिकाम्या टेबलाकडे बघत उभी होती. टेबलावर तिची पर्स नव्हती.

सहा वर्षं टोकियोत काढल्याचा हा प्रताप. इथे पर्स टेबलावर ठेवून जागा धरायची आणि खुशाल कॉफी आणायला जायचं. रोममध्येही विभाने तेच केलं. चौघांच्या कॉफ्या घेऊन परत येईतो पर्स गुल. स्वप्निल आणि त्याची बायको अनघा तेव्हाही हसून हसून बेजार झाले होते. पासपोर्ट गुणवंतच्या खिशात होते म्हणून निभावलं.

हसला नाही तो एकटा गुणवंत, विभाचा नवरा. एरवी छत्री हरवली तरी आठवडाभर ऐकवणारा माणूस, पण त्या दिवशी चकार शब्दाने बोलला नाही. "गोळ्या त्यात होत्या का?" एवढंच त्याने विचारलं. गोळ्या हॉटेलवर आहेत म्हटल्यावर तो खुर्चीत मटकन बसला.

त्या गोळ्यांचं गुपित विभाला केव्हाच कळलं होतं. फेब्रुवारीत कंपनीतर्फे दोघांची वार्षिक तपासणी झाली. पंधरा दिवसांनी हॉस्पिटलने गुणवंतला एकट्याला बोलावलं. भाषेची अडचण नको म्हणून तो अनघाला घेऊन गेला. ती दुभाष्याचंच काम करायची. परत आला तो बूट न काढताच थेट आत. म्हणाला, दोघांचंही सगळं ठीक आहे, जरा अशक्तपणा आहे, जेवणानंतर दोघांनी एकेक गोळी घ्यायची. आपली गोळी नुसती सोबतीला आहे, हे न कळायला विभा काही कुक्कुलं बाळ नव्हती.

मग त्याची भूक गेली. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. रविवारचं क्रिकेट सोडून तो स्वयंपाकघरात तिच्या मागे उभा राहायला लागला. फोडणीत आधी मोहरी की जिरं, जळणारा कचरा कोणत्या वारी टाकायचा, बाटल्या कोणत्या वारी, सगळं विचारून घ्यायचा. निघालेल्या माणसाला घराची अशी ओढ लागत असेल, असं तिच्या मनात आलं. त्या दिवशी ती कांदा न चिरताच रडली.

आणि 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत सहा वर्षं टाळलेला युरोप त्याने एका संध्याकाळी ठरवूनच टाकला. तेव्हा तिची खात्री पटली. तिनेही मनाशी ठरवलं, त्याला लपवायचंय तर लपवू दे. आपण हसत राहायचं.

पुढचा फोटो व्हेनिसचा असायला हवा होता. निघाला एका बाकाचा. दहा वाजून बारा मिनिटांची गाडी म्हणजे दहा बाराला फलाटावर लागेल ती, हा त्यांचा जपानी हिशेब. गाडी लागली, चौघं पाटी न बघता चढले. ती आधीची, उशिरा आलेली गाडी निघाली. उतरले त्या गावात एक बंद चर्च होतं आणि हा बाक. जिना चढताना विभाला धाप लागली, तशी अनघाने तिची बॅग हिसकावूनच घेतली. बाकावर बसून सगळ्यांनी दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. गुणवंत आपली दशमी तिच्या हातात देऊन नुसता तिच्याकडे बघत बसला. सबंध ट्रिपमध्ये विभाला तोच दिवस सगळ्यात आवडला होता.

मग स्वित्झर्लंडचे, ल्युसर्नचे फोटो आले. तिथल्या हॉटेलात एका सकाळी गुणवंत बाथरूममध्ये नळ सोडून रडत होता. ती दाराशी उभी राहिली, पण दार वाजवलं नाही. बाहेर येऊन तो सर्दी झाली म्हणाला. तिने त्याला स्वेटर काढून दिला.

साडेचारशे फोटोंत गुणवंत जेमतेम पाच-सहा ठिकाणी होता. बाकी सगळीकडे विभा. वाळलेला चेहरा त्याला फोटोत नको असणार. पण मग आपल्याकडे त्याचं काय उरणार, या विचाराने तिला भडभडून आलं.

दही संपलं म्हणून स्वप्निल आणि गुणवंत कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात गेले. विभा उठून स्वयंपाकघरात अनघाच्या मागे गेली.

"अनघा, मला सगळं माहीत आहे."

अनघाने गॅस बंद केला. "कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? मला डोळे आहेत. किती दिवस आहेत तेवढं सांग. डॉक्टर बोलले तेव्हा तू तिथे होतीस."

अनघाच्या डोळ्यांना धार लागली. डॉक्टर दिवाळीपर्यंत म्हणाले होते, हे तिने कसंबसं सांगितलं. गुणवंतदादांनी शपथ घातली होती, म्हणून ती आणि स्वप्निल गप्प राहिले होते.

"तुम्ही इतक्या शांत कशा राहिलात, विभाताई?"

"शांत कुठली? पण त्याच्यासमोर रडून कसं चालेल? तो आधीच खचलाय." विभाने डोळे पुसले. "मला राग आहे तो त्या डॉक्टरांचा. आपलं मरण त्या बिचाऱ्याला एकट्याने ऐकावं लागलं. मी बायको ना त्याची? मला का नाही बोलावलं?"

अनघा तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने विभाचे दोन्ही हात हातात घेतले.

"विभाताई, इथले जुन्या वळणाचे डॉक्टर असला आजार पेशंटला सांगत नाहीत. घरच्या माणसाला बोलावून सांगतात."