गळ्याजवळचं बटण

अर्जात अनुभवाच्या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं, ‘विद्यार्थी एक, वर्षं नऊ.’ विशेष मुलांच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून मी ढीगभर अर्ज पाहिलेत, पण असला नाही. वय चव्वेचाळीस, कोर्सचं सर्टिफिकेट गेल्याच महिन्यातलं. नाही म्हणायचं मनाशी ठरवूनच मी आमच्या वर्गातली एक मुलगी त्यांच्यासमोर बसवली. दोन महिने झाले, तिला स्वेटरची बटणं लावणं काही केल्या जमत नव्हतं.

बाईंनी वरची पाच बटणं स्वतः लावली आणि सगळ्यात खालचं तेवढं तिच्या बोटांत दिलं. ते बसलं. मुलगी स्वतःच्या पोटाकडे बघून हसली.

“शेवटचं नेहमी मुलांनी लावायचं,” बाई म्हणाल्या. “म्हणजे काम आपणच पुरं केलं असं त्यांना वाटतं. ते जमलं की खालची दोन त्यांच्यासाठी सोडायची, मग तीन. असं वर चढत जायचं.”

आम्ही आपले रोज वरून सुरुवात करत होतो.

“कुठे शिकलात हे?”

“घरीच. मुलाला शर्ट घालायला शिकवताना.”

“आता सगळी लावतो?”

“गळ्याजवळचं एक राहिलं होतं.”

मी नेमणुकीचा कागद पुढे ओढला. “जमेल हो तेही. त्यालाही इथेच घेऊन या.”

बाईंनी मुलीचा स्वेटर ओढून सारखा केला.

“त्याला न्यायला लोक जमले, तेव्हा ते मीच लावलं.”