पुढची सीट

तीस वर्षं आम्हा मित्रांच्या सहलींचा नियम आहे: मी गातो, म्हणून मला मागे सामानात बसवतात. यंदा मात्र आमच्यातल्या वकिलाने पुढची सीट आपणहून मला दिली. वकील आपणहून काही देतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. जंगल दाट झालं, तसा संशयही. वाटेत खाली उतरलो तेव्हा माझ्या पायाला जळू चिकटली, तर एरवी फोटो काढून खिदळणाऱ्या याच इसमाने ती सोडवली, वर माझ्या बुटाची नाडीही बांधली. “निवडणुकीला उभा आहेस का?” मी विचारलं. कुणी हसलं नाही. गाडी चालवणाऱ्या डॉक्टरने गेल्या आठवड्यात माझ्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवला होता. “रिपोर्ट आला का रे?” “नाही रे. तू जंगल बघ.” खात्रीसाठी मी बेसूर तान घेऊन नेहमीच्या “गप, गाढवा”ची वाट पाहिली. मागून टाळ्या पडल्या. डॉक्टर म्हणाला, “वा! पुन्हा म्हण.”