तिसरं शिफारसपत्र

"तू परदेशी गेलीस तर रोबोटिक्सची लॅब कोण बघणार? पुढच्या वर्षी देतो पत्र," विभागप्रमुख चैतालीला सलग तिसऱ्या वर्षी म्हणाले. पीएचडीच्या अर्जाला तीन शिफारसपत्रं हवी होती. तिच्याकडे दोनच होती आणि मुदत आजच संपत होती.

ती वर्कशॉपमध्ये जाऊन बसली. तिच्या यांत्रिक हाताचा एकेक भाग लेथवर घडवणाऱ्या तांबोळीचाचांनी सगळं ऐकून घेतलं.

"माझं पत्र चालेल?" त्यांनी विचारलं. "इंग्रजी येत नाही. पण तो हात अकरा वेळा मोडला आणि तू बाराव्यांदा उभा केलास, हे मी पाहिलंय. सरांनी नाही."

चैतालीने अर्ज उघडला. शिफारस करणाऱ्याचा हुद्दा विचारला होता: प्राध्यापक, संशोधक, संचालक, इतर.

तिने 'इतर' निवडलं आणि चाचांचं नाव लिहिलं.