उलू की किझी

नुरझातच्या मुलीला न्यूमोनिया झाला. बायकोने आणखी एक रजा घेतली असती, तर तिची नोकरी गेली असती. म्हणून आजारपणाची भरपगारी रजा या वेळी त्याने घेतली. किरगिझस्तानातल्या ओश शहरातल्या आमच्या गिरणीत सहाशे माणसं. कचेरीत याद्या तपासणाऱ्या मला तो पहिल्यांदा दिसला, तो कामावर परतला तेव्हा. न कळवता गैरहजर राहिला म्हणून त्याला काढून टाकलं होतं.

दवाखान्याच्या कागदांवरून केलेल्या रजेच्या यादीत नाव होतं 'नुरझात बाकित किझी', म्हणजे बाकितची लेक. नुरझात हे नाव बाईचंही असतं. मुलगा असेल, तर 'उलू' लिहितात.

"अशी कुणी बाई रजेवर होती, तू नव्हतास," गिरणीचे व्यवस्थापक सोवेतबेक साहेब हसले. "आणि पोरीचं नाक पुसायला तू कशाला रे? बायको पळाली की काय?"

"दवाखान्यानेच चूक केली असणार, अक्सकाल," नुरझात वडीलधारा म्हणून माझ्याकडे वळून म्हणाला. "तुम्ही तरी सांगा ना यांना." मी चष्मा पुसत राहिलो.


दवाखान्याने 'उलू'च लिहिलं होतं. मुलीसाठी रजा म्हणजे बाईच असणार, असं धरून यादी टंकायला देण्याआधी ते मीच लाल पेन्सिलीने सुधारलं होतं.